अठराचे चौदा

शाहूपुरीत दुपारी तीनच्या सुमारास गुळाचा वास जड होतो. खाली अडत्याच्या दुकानात गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी लागलेली असते, हमाल पोती अंथरून आडवे झालेले असतात, आणि वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत टेबलावरचे कागद वारा नसतानाही हलल्यासारखे वाटतात. त्या वेळी माझ्याकडे कुणी येत नाही. खुर्चीतच डोळा लागतो. मग आकडे येतात. माळावरून गुरं परतावीत तसे एकामागून एक चालत येतात. पुढचे मोठे, मागचे लहान, अगदी शेवटचे धुळीत नुसते ठिपके. मी त्यांना ओळखतो. ते सगळे एकाच कारखान्याचे आहेत. त्या कारखान्याला दहा वर्षांत जे पैसे मिळणार होते आणि मिळाले नाहीत, ते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुळात मी फारसा बोलणारा माणूस नाही, आणि माझ्या धंद्याविषयी बोलायचं तर तो समजावून सांगण्यातच इतका वेळ जातो की ऐकणारा मध्येच उठून पान खायला जातो. धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या, असं या अंकासाठी मला सांगण्यात आलं. गमती आहेत. त्या आधी सांगतो. दुसरं एक सांगायचं आहे, ते मागून.

माझे सासरे अखेरपर्यंत लोकांना सांगत, जावई फौंड्रीत पैसे मोजतात. मी एकदा धीर करून म्हटलं, "मोजत नाही, मी पैशाची किंमत काढतो." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "शंभर रुपयांची किंमत शंभर रुपये. ह्याला पगार देतात तुम्हाला?"

देत होते. चांगला देत होते. उद्यमनगरातल्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षं होतो. इंजिनांचे आणि पंपांचे बिडाचे भाग ओतायचे, मग ते कातून-घासून द्यायचे, हे कंपनीचं काम. माझ्या खोलीची खिडकी ओतकामाच्या शेडकडे उघडत असे. भट्टी फोडून तापलेला रस सोडला की समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, माझ्या हातावर नारिंगी उजेड पडायचा आणि हळूहळू विझायचा. त्या उजेडात मी जी गणितं मांडली ती आजही मला नारिंगीच दिसतात.

गणित असं असतं. कारखानदाराला नवं यंत्र घ्यायचं आहे. आज रक्कम घालायची, आणि पुढं दहा वर्षं दरसाल थोडी थोडी परत मिळवायची. परत आलेल्यांची बेरीज घातलेल्यापेक्षा जास्त झाली की फायदा, असं कुणालाही वाटेल. पण हिवाळ्यात सकाळी पन्हाळ्याच्या तटावर उभं राहून खाली बघा. पायथ्याची घरं कौलांसकट दिसतात. कोडोली धुक्यातून अर्धमुर्धं दिसतं. पलीकडं वारणेचा काठ आहे, तो आपल्याला माहीत असतो म्हणून दिसतो. गावं सगळी खरीच असतात, जागच्या जागीच असतात. तरी लांबचं पुसट होत जातं. पुढच्या वर्षी येणारा रुपया पायथ्याच्या घरासारखा, आणि दहाव्या वर्षीचा वारणेच्या काठासारखा. आज त्या लांबच्या रुपयाला किती मानायचं, म्हणजे धुकं किती दाट धरायचं, हे एका आकड्यावर ठरतं. त्या आकड्याला आम्ही दर म्हणायचो. दर जास्त धरला की लांबचे रुपये दिसेनासे होतात आणि यंत्र घेऊ नये असं उत्तर येतं. कमी धरला की सगळं लख्ख.

मग हा दर आणायचा कुठून? दूध संस्थेत सकाळी जाऊन उभं राहिलं तर कळेल. म्हशीचं दूध, गाईचं दूध, कुणाचं पाणचट, कुणाचं दाट, सगळं एका कॅनमध्ये पडतं आणि फॅट लागते ती मिसळीची. कंपनीतही पैसा तीन-चार घरचा असतो. बँकेचा, लोकांच्या ठेवींचा, मालकाचा. प्रत्येकाचा दर वेगळा. ज्याचा जितका वाटा तितका त्याचा दर धरून मिसळीचा दर काढायचा. नवं यंत्र त्याहून जास्त मिळवत असेल तरच घ्यायचं. बँकेचा दर कागदावर असतो. ठेवींचाही असतो. मालकाच्या पैशाचा कुठंच लिहिलेला नसतो, आणि खरी मारामारी तिथंच असते.

तो काढायला मालकाला विचारावं लागतं : हे पैसे इथं घातले नसते तर कुठं घातले असते, आणि तिथं काय मिळालं असतं? शाहूवाडीकडचे एक भातवाले गृहस्थ बँकेसाठी अहवाल करून घ्यायला शाहूपुरीत माझ्याकडे आले होते. भाताची गिरणी काढायची होती. मी त्यांना हाच प्रश्न विचारला. त्यांनी बराच विचार केला.

"दुसरं लगीन केलं असतं," ते म्हणाले.

मी पेन्सिल खाली ठेवली. "आणि त्यात परतावा काय?"

"परतावा कसला, साहेब? त्यात मुद्दलच जातंय की."

"मग गिरणी बरी."

"तेच मंडळी बी म्हणतीया."

त्यांची गिरणी अजून चालू आहे. दर दिवाळीला ते मला पाच किलो तांदूळ पाठवतात, आणि सोबत चिठ्ठी असते, 'लगीन केलं न्हाई.' माझ्या हातून झालेल्या कामांत जी दोन-चार समाधानाची, त्यातलं हे एक.

आता दुसरं.

आमच्या कंपनीच्या शेडमध्ये बाबालाल नावाचे हेड मिस्त्री होते. कोडोलीहून रोज पहिल्या एस.टी.नं यायचे. वाळूत साचा दाबताना त्यांचा अंगठा असा हळुवार फिरायचा की पाहणाऱ्याला झोप यावी. बाकीचे मोल्डर साचा झाला की उठायचे. बाबालाल क्षणभर तसेच बसून त्या पोकळीकडं बघत राहायचे, आत ओतायचं ते आधीच दिसत असल्यासारखे. त्यांचं कास्टिंग सहसा फुटत नसे.

शेडमध्ये त्यांची भिशी चालायची. वीस जण, महिन्याला पन्नास रुपये. पहिल्या रविवारी सकाळी शेडमागच्या चिंचेखाली लिलाव. जमलेले हजार रुपये आत्ता ज्याला हवेत त्यानं कमी बोली करायची. कुणी म्हणे नऊशे, कुणी आठशे. आठशेला मान्य असेल त्यानं आठशे उचलायचे, आणि सोडलेले दोनशे बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. हप्ते मात्र त्यानं पुढं पूर्ण भरायचे. मी एका रविवारी मुद्दाम जाऊन बसलो. मला बघायचं होतं, या माणसांना पैसा खरोखर कितीला पडतो. एकाच्या बायकोचं बाळंतपण होतं. तो सातशे सत्तरला उतरला. कुणी हसलं नाही. मी घरी येऊन हिशेब केला तर त्याला पडलेला दर वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या पुढं गेला. बँकेच्या दुपटीहून जास्त. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दर म्हणजे गरजेची खोली.

बाबालाल कधी बोली करत नसत. वीस महिने थांबून शेवटचे पूर्ण हजार घ्यायचे, वर वाटणीचे.

"मिस्त्री, तुम्ही कधीच का उचलत नाही?" मी विचारलं.

"मला थांबाय येतंय, साहेब," ते म्हणाले. "हे एकच येतंय बघा."

ते कशासाठी थांबलेत हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. कोडोलीच्या वाटेवर सहा गुंठे जागा घ्यायची, कोकवर चालणारी छोटी भट्टी उभी करायची आणि उसाच्या चरकाचे भाग, नांगराचे फाळ, पंपांची भांडी स्वतः ओतायची. वीस-बावीस वर्षं ते त्यासाठी साठवत होते. पावसाळ्यात शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजू लागला की कुणीतरी म्हणायचं, "मिस्त्री, तुमच्या शेडला कौलं घालणार का पत्रा?" आणि ते गंभीरपणे म्हणायचे, "पत्रा तापतोय. कौलंच." ती शेड आम्हा सगळ्यांनाच दिसत असे. मलाही. तिच्या दारात कण्हेर होती, हे मीच ठरवलं होतं.

कंपनीचे मालक आप्पासाहेब. एका लेथपासून त्यांनी सगळं उभं केलेलं. मला ते मास्तर म्हणत, कारण आकडे बोलताना मला खडू लागायचा आणि फळा नसला तर मी लोखंडी पिंपावर लिहायचो. मोठ्या मनाचा माणूस. कामगाराच्या घरी मयत झाली तर सगळ्यांच्या आधी दारात उभे असायचे. हे मी आज त्यांची बाजू घेऊन लिहीत नाही. तसे ते होते, म्हणूनच त्यांना नाही म्हणणं अवघड होतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आप्पासाहेबांनी ठरवलं, शिरोलीच्या माळावर विजेच्या भट्टीचा नवा कारखाना काढायचा. साचेही यंत्रावर करायचे. त्यांनी मला माळावर नेलं. दुपारचं ऊन, उंच वाळलेलं गवत, आणि ते हातातल्या काठीनं जमिनीवर रेघा ओढत चाललेले. "हितं भट्टी. हितं मशीनशॉप. हितनं ट्रक आत येणार, तितनं बाहेर पडणार." गवतात रेघा उमटतसुद्धा नव्हत्या. तरी मी वळसा घालून चाललो, भिंतीत पाय पडू नये म्हणून.

मी दीड महिना दर काढत होतो. बँकेचा लावला, ठेवींचा लावला. मालकाच्या पैशाचा लावताना मी बिडाचा धंदा कसा चढतो-उतरतो ते पाहिलं. लांबच्या गावांत पाऊस झाला नाही तर इंजिनं खपत नाहीत आणि आमचं ओतकाम थांबतं, ते पाहिलं. वीज जाते ते पाहिलं. एवढी जोखीम अंगावर घेणारा पैसा स्वस्त असूच शकत नाही. मिसळीचा दर आला अठरा. अठरानं दहा वर्षं मोजली तर बेरीज शून्याच्या खाली जात होती. फार नाही, थोडीच. पण खाली.

मी आप्पासाहेबांना सांगितलं. रविवारी दुपारी ते माझ्या घरी आले. स्वयंपाकघरात पाटावर बसले, बायकोच्या हातची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं, आणि हात धुताना म्हणाले, "मास्तर, बँकेच्या पैशाला याज हाय, मान्य. लोकांच्या ठेवीला याज हाय, मान्य. माझ्या पैशाला कसलं लावलंसा?"

"तुमच्या पैशालाही दर असतो, आप्पासाहेब."

"घरच्या म्हशीच्या दुधाला कोन पैसं देतंय व्हय?"

बायको हसली. मीही हसलो. उत्तर माझ्या तोंडात होतं : म्हशीला वैरण लागते, पेंड लागते, आणि तेच दूध डेअरीला घातलं तर पैसे येतात. जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईला हे कळतं. एवढं वाक्य मी बोललो असतो तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. मी बोललो नाही. मालक माझ्या पाटावर बसले होते आणि बायकोला वहिनी म्हणत होते. मला ते आवडलं होतं.

"फुकट धरा असं म्या म्हनत न्हाय," ते म्हणाले. "बँक हसंल. पर जरा बेतानं धरा की. आपलं घरचं मानूस म्हनून सांगतोय."

मी बेतानं धरला. जोखमीचे टक्के काढून टाकले. मिसळीचा दर चौदा झाला. चौदानं बेरीज शून्याच्या वर आली, चांगली वर. त्या दुपारी गणित पुन्हा मांडताना मला काय वाटत होतं ते सांगतो, कारण लिहायचंच तर खरं लिहावं. मला छान वाटत होतं. धुकं विरत होतं. सातव्या, आठव्या, नवव्या वर्षीचे रुपये एकेक करून डोळे उघडत होते. शिरोलीच्या माळावर भिंती चढत होत्या, छप्पर बसत होतं, आणि हे सगळं माझ्या पेन्सिलीनं होत होतं. खोटं लिहितोय असं वाटलंच नाही. जास्त लांबचं दिसायला लागलंय, असं वाटलं.

बँकेनं कर्ज मंजूर केलं, पण कंपनीनं घालायचा वाटा कमी पडत होता. आप्पासाहेब म्हणाले, कामगारांच्या ठेवी घेऊ, बारा टक्क्यांनी. तेव्हा पुष्कळ कंपन्या घेत. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. लोक पुढं येईनात.

"बाबालालनं ठेवलं की बाकीचं मागनं येतील, मेंढरावानी," आप्पासाहेब मला म्हणाले. "आनि तो तुमास्नी इचारल्याबगर ठेवायचा न्हाय."

शनिवारी पगारानंतर बाबालाल माझ्या खोलीत आले. चपला दाराबाहेर काढल्या. नको म्हटलं तरी काढायचे.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा की."

"जागंचा सौदा जमलाय. शेतकरी म्हनतोय, आता दे न्हायतर तीन सालानं दे, मला घाई न्हाय. मालक म्हनत्यात, तीन साल हितं ठेव, बारा टक्के घे, मग जागा बी घे आन वर भट्टी बी बांध. बावीस हजार हायती. ठेवू का सौदा करू?"

खिडकीतून उजेड येत होता. भट्टी नुकतीच फोडली होती. त्यांच्या पांढऱ्या टोपीची कड नारिंगी झाली होती.

अठरा आणि चौदा, दोन्ही आकडे मला माहीत होते. बाबालालना फक्त मी माहीत होतो.

"ठेवा," मी म्हटलं.

"बास. तुमी म्हटलासा, झालं." त्यांनी आणखी एक प्रश्नही विचारला नाही. चपला घालून निघून गेले. सोमवारी त्यांनी ठेव ठेवली. त्याच आठवड्यात शेडमधल्या एकतीस जणांनी ठेवली.

माझी स्वतःची शिल्लक अकरा हजार होती. ती पोस्टात होती. पुढंही पोस्टातच राहिली. आप्पासाहेबांनी कधी विचारलं नाही, आणि मी कधी विषय काढला नाही. मुलांचं शिक्षण आहे, असं मी मनात म्हणायचो. शिक्षण खरंच होतं. पण मनाच्या अगदी तळाशी ज्या माणसानं अठरा काढले होते, तोच माणूस माझ्या पासबुकावर बसून होता. बँकेच्या कागदावर एक दर आणि माझ्या पैशाला दुसरा, हे मी कुठल्याही कोष्टकाशिवाय, डोळे मिटून केलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. कारखाना झाला. उद्घाटनाला पेढे वाटले, भट्टीला हार घातला. मग वीजकपात आली. विजेची भट्टी अर्धी गार झाली की आतला रस घट्ट होतो आणि तो फोडून काढायला आठवडा जातो. दोन वर्षं पावसानं लांबच्या गावांत ओढ दिली. इंजिनांच्या मागण्या आल्या नाहीत. कारखाना अर्ध्या ताकदीवर चालला, मग तिसऱ्या हिश्श्यावर. लोक म्हणाले, नशीब. मीही म्हणालो. पण अठराचा अर्थच तो होता. वीज जाईल, पाऊस दडी मारेल, अशा गोष्टींसाठीच ते वरचे चार टक्के होते, आणि ते मी काढून टाकले होते.

तीन वर्षं झाली तेव्हा बाबालाल ठेव मागायला गेले. आप्पासाहेब म्हणाले, सहा महिने थांब. सहा महिन्यांनी म्हणाले, दिवाळीपर्यंत थांब. थांबता येणारा माणूस होता, थांबला. कोडोलीचा शेतकरीही एक वर्ष जास्त थांबला, मग त्याच्या मुलानं ती जागा पेट्रोलपंपवाल्याला दिली. बाबालालनी हे शेडमध्ये सांगितलं तेव्हा मी तिथं होतो. ते साचा दाबत होते. "जागा गेली," एवढंच म्हणाले. त्या दिवशी कौलांचं कुणी विचारलं नाही, आणि नंतरही कधी नाही.

शिरोलीचा कारखाना विकला गेला. बँकेचं आधी भागलं. आप्पासाहेबांनी गाडी विकली, गावाकडची चार एकर विकली आणि कामगारांच्या ठेवी रुपयाला सहा आण्यांप्रमाणे फेडल्या, हप्त्याहप्त्यानं. त्यानंतर वर्षभरात ते गेले. मी तोपर्यंत नोकरी सोडून शाहूपुरीत खोली घेतली होती. पाटी लावली, प्रकल्प अहवाल तयार करून मिळतील. लोक म्हणायचे, याचा हात सढळ नाही, पण याचा अहवाल बँक मानते. सढळ कसा असेल? मी प्रत्येक अहवालात दोन टक्के चढेच धरू लागलो. त्यामुळे किती जणांच्या शेडी उभ्याच राहिल्या नसतील, त्याचाही हिशेब कधीतरी कुणीतरी मागेल.

गेल्या हिवाळ्यात मी कोडोलीला गेलो. वेगळं काही कारण नव्हतं. सकाळी आंघोळ केली, कपडे केले आणि बायकोला म्हटलं, जरा जाऊन येतो. एस.टी.च्या खिडकीतून ऊस दिसत होता, तुरे आलेला, मैलोन्‌मैल, करडा. वाटेत तो पेट्रोलपंप लागला. मी मान वळवली नाही.

बाबालालचं घर विचारत गेलो. परसात जमिनीत एक लहानशी भट्टी होती, एक मूस बसेल एवढीच. तिच्यावर ते पितळ वितळवून बैलांच्या गळ्यातल्या घंटा ओततात. वाळू चाळत बसले होते. केस पार पांढरे झालेले. एका डोळ्यावर सायीसारखं आलेलं.

"या साहेब," ते म्हणाले. जणू मी कालच भेटलो होतो. "बसा. चाळण लवंडू नका, वाळू निवडलीया."

मी बाजेवर बसलो आणि सगळं सांगितलं. अठरा कसे आले, चौदा कसे केले, पाटावर बसून आप्पासाहेब काय बोलले, मी का गप्प बसलो. एवढं सलग मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. ते चाळत राहिले. वाळू खाली पडत होती, उन्हात ती सोन्याच्या धुरासारखी दिसत होती, आणि माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटत होता.

माझं संपलं. त्यांनी चाळण बाजूला ठेवली.

"अठरा काय आन चौदा काय, मला काय त्यातलं कळलं न्हाय, साहेब," ते म्हणाले. "एक सांगा. तुमचं पैसं त्या साली कुठं हुतं?"

"पोस्टात."

"समदं?"

"सगळे."

त्यांनी वाळूचा ढीग तळहातानं सपाट केला. मग अंगठ्यानं कडा दाबत गेले, पूर्वी साचा दाबायचे तशा, पण आत काही ठेवायचं नव्हतं.

"मग एवढंच बोलायचं हुतं की," ते म्हणाले. "मिस्त्री, माझं पोस्टात हायती. एवढंच. मी उठून सौद्याला गेलो असतो."

त्यांच्या सुनेनं चहा आणला. आम्ही तो प्यायलो. त्यांनी मुलांची चौकशी केली, मोठा कुठं असतो, धाकटीचं झालं का. सगळ्यांविषयी आठवणीनं, नावानिशी विचारलं. मी म्हटलं, येतो. कोडोलीत परका माणूस पत्ता विचारायला आला तरी त्याला एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचवल्याशिवाय लोक परतत नाहीत. बाबालाल बसल्या जागेवरून उठले नाहीत. "या," एवढं म्हणाले आणि पुन्हा चाळण हातात घेतली.

मी एकटाच थांब्यावर गेलो. गाडी यायला पाऊण तास होता.